मणक्यात छर्रा राहिलाय आणि डॉक्टर काढत नाहीत, मग धोका नेमका कशाचा?

तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी मला काय समजलं ते लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. तुमचा चुलतभाऊ, वय 36, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. रात्री बागायतीत रानडुकरांची राखण करताना सोबतच्याच्या हातातली बारा बोअरची बंदूक सुटली आणि एलजी काडतुसाचे, म्हणजे मोठ्या शिकारीसाठीचे जाड छर्रे डाव्या कुशीतून आत गेले. मोठं आतडं फाटलं म्हणून त्याच रात्री पोट उघडावं लागलं, आता पोटावर कोलोस्टॉमीची, म्हणजे शौच जमा व्हायची पिशवी आहे. एक छर्रा डी12, म्हणजे छातीमागच्या बाराव्या, शेवटच्या मणक्याच्या हाडात जाऊन बसलाय. डावा पाय हलत नाही, उजवा थोडा हलतो, लघवीला नळी आहे. त्याला शुगर आहे आणि तो बिडी ओढतो. तीन आठवडे झाले, डॉक्टर म्हणतायत छर्रा काढायचा नाही, घरी न्या. आणि तुम्ही विचारताय की शिसं आत ठेवून घरी कसं पाठवतात, ते सडणार नाही का, सरकणार नाही का, बेळगाव किंवा मणिपालला नेऊन काढून घ्यावं का.

मी मणक्याची ऑपरेशनं करतो आणि नंतरचं रिहॅबही बघतो, काम गोव्यातच. आमच्याकडे गोळीच्या केसेस अपघातांच्या मानाने थोड्या येतात, नारळाच्या झाडावरून पडलेले आणि बाईकवरून पडलेलेच जास्त असतात, पण ज्या येतात त्यात घरच्यांचा पहिला प्रश्न कायम हाच असतो, गोळी कधी काढणार. एक आधीच सांगतो, तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, सीटी बघितलेला नाही, आणि इथे एक-दोन सेंटीमीटरने सगळं उत्तर बदलतं. छर्रा हाडात आहे की दोन मणक्यांमधल्या डिस्कमध्ये, की मज्जारज्जूच्या नळीत, ह्यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही हाडात लिहिलंय ते खरं धरून पुढे लिहितोय.

माझं मत थोडक्यात असं की तुमच्या भावाला येत्या वर्षभरात त्रास होणार असेल तर तो त्या छऱ्यामुळे होण्याची शक्यता कमी आहे. छर्रा आत येताना कुठल्या वाटेने आला, आणि आता घरी गेल्यावर त्याची कातडी, लघवी आणि पाय कोण आणि कसे सांभाळतंय, धोका तिथे आहे. तुमचं सगळं लक्ष छऱ्यावर आहे हे मी समजू शकतो, एक्सरेत तो पांढरा ठिपका दिसतो ना, तोच शत्रू वाटतो. पण ज्या एक्सरेत दिसत नाहीत त्या गोष्टींनी माणूस परत अ‍ॅडमिट होतो.

आता कारणं सांगतो, नुसतं माझ्यावर विश्वास ठेवा असं नको.

गोळीने होणारं नुकसान मुख्यतः तिच्या वेगावर ठरतं, कारण ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते पण वेगाच्या वर्गात वाढते. लष्करी रायफलची गोळी सेकंदाला 800-900 मीटर जाते, बारा बोअरचे छर्रे साधारण 400 मीटर, आणि हवेत लांब गेले की अजून मंद होतात. म्हणून लांबून लागलेला छर्रा कातडीखालीच थांबू शकतो. पण चार-पाच हातांवरून सुटलेली बंदूक वेगळी, सगळे छर्रे एकत्रच आत घुसतात आणि काडतुसातला बूच, म्हणजे ते फेल्टचं किंवा प्लास्टिकचं वॉड, तेही जखमेत जातं, वर कपड्याचे धागे आणि माती. ठासणीच्या बंदुकीत तर लोक खिळे-बॉलबेअरिंग काय वाट्टेल ते भरतात. वॉड आणि कापड एक्सरेत दिसत नाही, आणि इन्फेक्शनला ते शिशापेक्षा जास्त कारणीभूत ठरतं. तर पहिल्या ऑपरेशनमध्ये जखमेतून वॉड मिळालं का, हे सर्जनना जरूर विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही कागदावर बघून घ्या.

अजून एक, बऱ्याच लोकांना वाटतं छर्रा मज्जारज्जूला लागला नाही तर पाय का गेले. मणक्याच्या हाडाला जोराचा दणका बसला तरी आतली मुख्य नस, म्हणजे मज्जारज्जू, दबते, सुजते, तिचा रक्तपुरवठा बिघडतो. नस तुटलेली नसतानाही पाय जाऊ शकतात. आणि म्हणूनच छर्रा काढून झालेलं नुकसान परत भरून येत नाही, ते त्या क्षणीच होऊन गेलेलं असतं.

आता वाट. तुमच्या भावाच्या केसमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, की छर्रा मोठ्या आतड्यातून होऊन मग मणक्यात गेला. जठर किंवा लहान आतड्यातून गेला असता तर इन्फेक्शनची भीती त्यामानाने कमी, पण मोठ्या आतड्यात जंतूंचं प्रमाण प्रचंड असतं आणि छर्रा तेच घेऊन हाडात शिरतो. गोळी लागताना गरम होते आणि सगळे जंतू मरतात असं कोणीतरी तुम्हाला सांगेल, ते खरं नाही, गोळी निर्जंतुक नसते. मानेत अन्ननलिका किंवा घशातून गेलेली गोळी पण ह्याच कारणाने वाईट. अशा केसमध्ये आतडं नीट दुरुस्त करणं आणि सगळ्या प्रकारच्या जंतूंवर चालणारी अँटिबायोटिक शिरेतून देणं, हाच खरा इलाज आहे. जुना रिवाज सात दिवस किंवा त्याहून जास्तीचा, हल्ली बरेच जण कमी दिवस पुरतात म्हणतात, त्यावर एकमत नाही, आणि शुगरवाल्या पेशंटला मी स्वतः हात आखडता घेत नाही. पण किती दिवस द्यायचं ह्यापेक्षा पहिल्या काही तासांत सुरू झालं का हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या भावाचं ऑपरेशन त्याच रात्री झालं, ही चांगली बाजू आहे.

आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. छर्रा काढला म्हणून इन्फेक्शन कमी होत नाही, हे आतड्यातून गेलेल्या गोळ्यांच्या पेशंटमध्ये तपासून बघितलेलं आहे. उलट काढायला गेलं की मागून किंवा बाजूने परत सगळं उघडायचं, निरोगी स्नायू सोलायचे, हाड कोरायचं, मज्जारज्जूचं आवरण फाटायची भीती, ते फाटलं की पाठीचं पाणी गळतं आणि त्या वाटेने मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन होतो. पूर्वी गोळी लागलेल्या सगळ्यांची लॅमिनेक्टॉमी करायचे, म्हणजे मागचं हाड काढून नस मोकळी करायची. त्यात पाय सुधारायचं प्रमाण वाढलं नाही पण पाणी गळणं, इन्फेक्शन आणि नंतर पाठीला बाक येणं वाढलं, म्हणून ती पद्धत सरसकट करणं बंद झालं.

गोळी शोधण्याच्या हट्टाने काय होतं ह्याचं इतिहासातलं मोठं उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड. 2 जुलै 1881 ला त्यांना गोळी लागली, ती कमरेच्या पहिल्या मणक्यातून आरपार गेली पण मज्जारज्जू वाचला होता. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी आणि सळ्यांनी ती परत परत शोधली, अलेक्झांडर ग्रॅहम बेलला धातू शोधायचं यंत्र घेऊन बोलावलं, तरी सापडली नाही, आणि 19 सप्टेंबरला ते गेले. आज बहुतेक जण मानतात की त्यांचा जीव घेण्यात गोळीपेक्षा त्या शोधाने झालेल्या इन्फेक्शनचा वाटा मोठा. आता निर्जंतुक ऑपरेशन थिएटर आहेत, ती परिस्थिती राहिली नाही हे मान्य, पण कारण नसताना आत शिरू नये हा मुद्दा तसाच आहे.

मग छर्रा कधी काढायचा? पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होत चाललीय आणि सीटीत मज्जारज्जूच्या नळीत काहीतरी दाबतंय असं दिसतंय, तेव्हा नक्की, आणि लवकर. छर्रा नळीतच आहे आणि जागा डी12 ते एल4, म्हणजे कमरेचा चौथा मणका, ह्यामधली आहे, तेव्हा विचार करायचा, कारण तिथे मज्जारज्जू संपून नसांचा झुपका सुरू होतो आणि नसा मज्जारज्जूपेक्षा चिवट असतात. वॉटर्स आणि अ‍ॅडकिन्स यांच्या 1991 च्या अभ्यासात ह्याच भागात नळीतली गोळी काढलेल्यांची ताकद न काढलेल्यांपेक्षा जास्त सुधारली, त्याच्या वरच्या भागात मात्र तसा फरक दिसला नाही. पाठीचं पाणी गळतच राहिलं, छर्रा डिस्कमध्ये आहे आणि रक्तातलं शिसं वाढतंय, किंवा तो जागा बदलून नसांवर यायला लागला, तर काढायचा. तुमच्या भावाचा छर्रा डी12 ला आहे म्हणून तुम्हाला कोणीतरी तो 1991 वाला मुद्दा सांगेल आणि काढा म्हणेल, पण तो नळीतल्या गोळीबद्दलचा आहे, हाडातल्या नाही. हा फरक सीटी बघणाऱ्या डॉक्टरकडून स्पष्ट विचारून घ्या, अगदी ह्याच शब्दांत, की छर्रा हाडात, डिस्कमध्ये की नळीत?

शिशाबद्दल. हाडात किंवा मांसात बसलेल्या छऱ्याभोवती शरीर जाड आवरण करतं आणि तो तिथेच बंद होतो, वर्षानुवर्षं काही होत नाही. डिस्कमध्ये किंवा सांध्यात मात्र शिसं झिजून विरघळू शकतं आणि रक्तात येतं. लक्षणं म्हणजे पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, रक्त कमी होणं, चिडचिड, कधी मनगट लुळं पडणं. आता अडचण अशी की ह्यातली निम्मी लक्षणं मणक्याची दुखापत झालेल्या माणसाला तशीही असतात, बद्धकोष्ठता तर जवळजवळ सगळ्यांना. त्यामुळे लक्षणांवर अवलंबून राहू नका, आत्ता एकदा रक्तातलं शिसं तपासून आकडा लिहून ठेवा, मग काही महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. पहिला आकडा हातात असला की पुढचा वाढलाय का ते कळतं. इतकं पुरे.

एमआरआयबद्दल पण सांगतो कारण घरच्यांना कोणी ना कोणी घाबरवतं. शिसं चुंबकाला ओढलं जात नाही, पण काही छर्रे आणि काही गोळ्यांचं कवच स्टीलचं असतं. म्हणून आधी सीटी, आणि एमआरआयची खरंच गरज पडली तर रेडिओलॉजिस्टला काडतूस कुठलं होतं ते सांगा. पोलिसांच्या पंचनाम्यात काडतुसाचा प्रकार लिहिलेला असतो, तो इथे कामाला येतो. आणि हो, गोळीची केस मेडिको-लीगल असते. पोलिसांना छर्रा पुरावा म्हणून हवाय म्हणून ऑपरेशन करा, असं वैद्यकीय कारण होऊ शकत नाही, काढला गेला तर तो त्यांच्याकडे जमा होतो, बस.

स्टेरॉइडचं विचारलं नाहीत पण विचाराल. नस सुजलीय म्हणून मोठ्या डोसची स्टेरॉइड इंजेक्शनं, हे गोळीच्या दुखापतीत देत नाहीत. 1990 च्या दशकात ह्यावर अभ्यास झाले, पायात काही फरक पडला नाही आणि बाकीच्या कॉम्प्लिकेशन वाढल्या. फाटलेलं आतडं आणि शुगर असलेल्या माणसाला तर अजिबात नको. आणि बेल्ट किंवा ब्रेस, गोळीने मणका बहुतेक वेळा डळमळीत होत नाही, त्यामुळे पाठ हलली तर सगळं जाईल म्हणून त्याला महिनाभर ताठ झोपवून ठेवू नका. डॉक्टरने सीटी बघून मणका स्टेबल आहे म्हटलं असेल तर त्याला बसवायचं, लवकर बसवायचं. झोपून राहण्याचं नुकसान हलण्याच्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठं आहे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर तुमच्या भावाच्या बाजूने असलेल्या गोष्टी अशा, छर्रा मंद वेगाचा, हाडात, नळीच्या बाहेर, ऑपरेशन त्याच रात्री, एका पायात हालचाल आहे म्हणजे दुखापत अपुरी आहे, पूर्ण नाही. विरोधातल्या गोष्टी म्हणजे मोठं आतडं, शुगर, बिडी, आणि लघवीची नळी. ह्यातल्या पहिल्या गोष्टीचं आता काही करता येत नाही, बाकी तिन्हींचं करता येतं.

आता घर. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

सगळ्यात आधी कातडी. कमरेखाली संवेदना नाही म्हणजे त्याला टोचतंय, दुखतंय, बधिर होतंय हे कळतच नाही. आपण झोपेतही कूस बदलतो, तो बदलत नाही. हाडाच्या उंचवट्यावर तास-दोन तास सलग दाब पडला की तिथला रक्तपुरवठा बंद होतो आणि आतलं मांस मरायला लागतं, वरची कातडी नंतर फाटते. म्हणजे तुम्हाला छोटी जखम दिसते तेव्हा आत मोठं भगदाड असू शकतं. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, आणि बसायला लागल्यावर बसायची हाडं, ही ठिकाणं. बेडसोर हा शब्द फार साधा वाटतो लोकांना, पण ह्याच जखमेतून हाडात इन्फेक्शन, रक्तात इन्फेक्शन आणि सहा-सहा महिने अंथरूण, हे मी छऱ्यामुळे झालेलं बघितलेलं नाही, बेडसोरमुळे बघितलंय. लुडविग गटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला मणक्याच्या जखमी सैनिकांचा वॉर्ड सुरू केला, त्याआधी असे सैनिक थोड्याच काळात बेडसोर आणि लघवीच्या इन्फेक्शनने मरायचे. त्यांनी दर दोन तासांनी, रात्रीही, प्रत्येकाची कूस बदलायचा नियम घातला आणि लोक जगायला लागले. कुठलंही नवीन औषध नव्हतं त्यात.

तर दर दोन तासांनी कूस, रात्री पण. घरात पाळ्या लावा, एकट्या वहिनीवर टाकू नका, आठवड्यात ती आजारी पडेल आणि मग कोणीच करणार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ आरसा घेऊन पाठ-टाचा बघायच्या, लालसर डाग दिसला आणि दाब काढल्यावर अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर अजिबात झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही नीट, तिथे हात लावून बघा, गरम किंवा कडक लागतंय का. आपल्याकडे पावसाळ्यात अजून एक त्रास, चादरी वाळत नाहीत, ओलसर असतात, आणि गादी खराब होऊ नये म्हणून लोक खाली प्लास्टिक किंवा रेक्झिन घालतात. त्यावर घाम साचतो आणि ओली कातडी लगेच सोलते. प्लास्टिक घालायचंच तर वर जाड सुती चादर, आणि ओली झाली की लगेच बदला. ती मधे भोक असलेली हवेची रिंग मिळते ना मेडिकलमध्ये, ती आणू नका, तिच्या कडेने दाब पडून रक्त अजून अडतं. एअर मॅट्रेस आणा, पण ती आणली म्हणून कूस बदलणं बंद करू नका. व्हीलचेअरवर बसला की दर 15-20 मिनिटांनी पुढे वाकून किंवा हातांवर जोर देऊन ढुंगण मोकळं करायचं, हे त्याला स्वतःला शिकवा. पायाला गरम पाण्याची पिशवी कधीही नको, भाजेल आणि कळणार नाही.

खाण्याबद्दल पण कातडीशीच जोडून सांगतो. आजारी माणसाला पेज, ही आपली सवय. पेज हलकी असते पण तिच्यात प्रोटीन फारसं नाही, आणि प्रोटीनशिवाय जखम भरत नाही. अंडी, मासे, मूग, चणे, दूध, रोज काहीतरी, पोटाच्या सर्जनने जे चालेल म्हटलंय त्यातलं. शुगर ताब्यात ठेवा, घरी मशीनवर तपासा आणि वहीत लिहा. आणि बिडी बंद. बाकी कुठल्या गोष्टीवर मी इतका अडून बसणार नाही पण ह्यावर बसेन, निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि त्याच्या कातडीला, आतड्याच्या जोडाला, हाडाला, सगळ्याला तेच रक्त हवंय. सोबत बसायला येणाऱ्या मित्रांनाही सांगून ठेवा.

लघवी. डी12 च्या आसपासच्या दुखापतीत मूत्राशय बहुतेक ढिलं पडतं, भरतं पण रिकामं होत नाही. कायमची नळी ठेवणं सोपं वाटतं पण नळी जितके दिवस तितके जंतू जास्त, खडे होतात, नळीने मार्गाला जखम होते. म्हणून मी शक्य तितक्या लवकर सीआयसीवर आणतो, म्हणजे दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी पातळ कॅथेटर घालून लघवी काढायची आणि कॅथेटर लगेच बाहेर. एका वेळी 400-500 मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. त्याचे हात चांगले आहेत, म्हणजे तो स्वतः शिकू शकतो, चार-पाच दिवसांत जमतं, डिस्चार्जच्या आधी वॉर्डातच शिकून घ्या. लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले की लगेच अँटिबायोटिक घेऊ नका, सीआयसीवाल्यांच्या लघवीत जंतू नेहमीच दिसतात. ताप, थंडी, कुशीत दुखणं, पायात अचानक ताठरपणा वाढणं असं काही असेल तरच उपचार. नाहीतर एक दिवस खरंच गरज पडेल तेव्हा कुठलंच औषध लागू पडणार नाही. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी, ही आयुष्यभर.

पाय. न हलणाऱ्या पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त, आणि ती फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं पोटाचा रक्तस्राव थांबल्याची खात्री झाली की सुरू करतात. ती त्याला चालू आहेत का आणि घरी किती दिवस द्यायची, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, बऱ्याचदा हेच राहून जातं. आणि एक कळकळीने सांगतो. आपल्याकडे लुळ्या पायाला खोबरेल तेल गरम करून जोरात चोळतात, गावातला कोणी मालिशवाला पण बोलावतात. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, गरम दिसत असेल तर हात लावू नका, गुठळी सुटू शकते. आधी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, मग बाकी. फिजिओने शिकवलेली सांध्यांची हालचाल मात्र रोज करायची, सूज नसेल तेव्हा.

दुखणं येईल. गोळीच्या दुखापतीत नसांचं दुखणं बाकीच्या मणक्याच्या दुखापतींपेक्षा जास्त दिसतं, त्यात ह्या भागात तर खूपच, जळजळ, करंट मारल्यासारखं, ज्या पायात स्पर्श कळत नाही त्याच पायात. तेव्हा घरात सगळे परत म्हणतील की छर्रा काढला असता तर दुखलं नसतं. नाही. छर्रा काढून हे दुखणं जात नाही, ते नसांतून येतं. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन अशी औषधं हळूहळू वाढवत द्यावी लागतात, साध्या पेनकिलरने उपयोग होत नाही आणि त्या रोज खाऊन किडनी मात्र जाते.

ज्यांच्या घरात वेगळ्या जागेची दुखापत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मानेची गोळी असेल तर सगळ्यात मोठा धोका श्वासाचा आणि न्यूमोनियाचा, कारण डायफ्रामच्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात. छातीत गोळी असेल तर फुप्फुसाभोवती साठलेलं रक्त आणि हवा. आणि डी6 किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हे नाव पाठ करा. अचानक डोकं फुटेल असं दुखणं, चेहरा लाल, घाम, बीपी खूप वर. ताबडतोब ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी वळलीय का, मूत्राशय भरलंय का बघा, आणि उतरलं नाही तर 108 बोलवा. तुमच्या भावाची दुखापत खाली आहे, त्याला हे अपेक्षित नाही.

त्याला लगेच परत कधी आणायचं. ताप आणि पाठदुखी दोन्ही सोबत वाढत असतील, त्यातही रात्री जास्त, तर मणक्याचं इन्फेक्शन धरून चालायचं, सीआरपी, ईएसआर ह्या रक्ततपासण्या आणि स्कॅन. हे घरी गेल्यावर काही आठवड्यांनी पण येऊ शकतं म्हणून आता ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. जखमेतून पाण्यासारखं गळायला लागलं, डोकं बसल्यावर दुखतं आणि झोपल्यावर थांबतं, मान आखडली, तर त्याच दिवशी. उजव्या पायाची जी ताकद आहे ती कमी झाली, हा सगळ्यात महत्त्वाचा इशारा, मग तो पुढच्या आठवड्यात असो की पाच वर्षांनी. उशिरा आलेला अशक्तपणा मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झाल्याने असू शकतो आणि तेव्हा ऑपरेशनचा विचार खरंच करावा लागतो. एका पायाला सूज, छातीत दुखून धाप, ह्यात वाट बघायची नाही.

मनाबद्दल. 36 वर्षांचा माणूस, बागायत करणारा, आणि ज्याच्या हातून बंदूक सुटली तो ओळखीचाच. घरात ह्यावर बोलणं बंद होतं आणि तो आतल्या आत जातो. जेवण कमी झालं, कूस बदलू देत नाही, फिजिओ नको म्हणतो, हे हट्ट म्हणून बघू नका, डिप्रेशन असू शकतं आणि त्याला औषध आहे. डिप्रेशन असलेल्या पेशंटला बेडसोर जास्त होतात, कारण स्वतःची काळजी घ्यायची इच्छाच राहत नाही. पुण्यात खडकीला जखमी सैनिकांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 पासून आहे, तिथली माणसं व्हीलचेअरवरून खेळतात, कामं करतात. मुरलीकांत पेटकर, आपले सांगलीचे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. हे त्याला आत्ताच ऐकवू नका, आत्ता त्याला राग येईल. पण घरच्यांनी मनात धरून ठेवा की गोळीनंतरचं आयुष्य लांब असतं. त्याची दुखापत अपुरी आहे, ताकद वाढायची मोठी शक्यता पहिल्या सहा महिन्यांत असते आणि नंतरही थोडी थोडी वाढते. चालेल का हे मी सांगू शकत नाही, तीन आठवड्यांत कोणीच सांगू शकत नाही, जो छातीठोक सांगेल त्याच्यापासून सावध राहा.

बेळगाव-मणिपालला न्यायचं का? दुसरं मत घ्यायला काहीच हरकत नाही, पण पेशंटला हलवू नका, आधी सीटीची सीडी, पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स आणि पायाच्या ताकदीचा चार्ट घेऊन तुम्ही स्वतः जा. कोणी फक्त एक्सरे बघून काढून टाकू म्हणालं तर त्याला विचारा, काढून नेमकं काय सुधारणार आणि पाणी गळायची शक्यता किती. पैसे वाचले तर एअर मॅट्रेस, व्हीलचेअरची चांगली गादी आणि फिजिओ ह्यावर घाला. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्यात काय बसतं ते हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारून घ्या, आणि अपंगत्वाचा दाखला मिळाला की दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी अर्ज करा. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरकडून तीन गोष्टी हाताने करून बघितल्याशिवाय निघू नका, कूस बदलणं, सीआयसी आणि कोलोस्टॉमीची पिशवी बदलणं. घरातल्या निदान दोन माणसांना तिन्ही यायला हव्यात. सीटी रिपोर्टमध्ये छऱ्याच्या जागेबद्दल काय शब्द आहेत ते इथे टाका, नाव आणि नंबर झाकून, मग मी अजून नेमकं सांगू शकेन.